विसावे गुणसूत्र

पावसाळ्याच्या दिवसांत पिठाच्या डब्याचे झाकण जरा सैल राहिले, की काही दिवसांनी त्या पिठात तांबूस रंगाचे बारीक किडे हिंडू लागतात. घरातील माणसे पीठ चाळून घेतात व किडे उकिरड्यावर टाकून देतात. त्याच कुळातील, पण आकाराने मोठा व काळसर असा एक भुंगेरा युरोप-अमेरिकेतील धान्याच्या कोठारांत आढळतो. त्याची अळी पिवळी, चिवट आणि बोटाच्या पेराएवढी लांब असते. शास्त्रज्ञ त्याला टेनेब्रिओ मोलिटर या नावाने ओळखतात. या क्षुद्र किड्याच्या शरीरातून इ. स. १९०५ साली एका विदुषीने एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले. जन्मास येणारे मूल कधी मुलगा असते तर कधी मुलगी, असे का होते, हा तो प्रश्न. त्या विदुषीचे नाव नेटी मारिया स्टीव्हन्स.

नेटीचा जन्म ७ जुलै १८६१ रोजी अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात कॅव्हेंडिश या गावी झाला. त्याच वर्षी अमेरिकेत उत्तर व दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धास तोंड लागले होते. तिचे वडील एफ्राइम स्टीव्हन्स हे सुतारकाम करीत. नेटी अगदी लहान असतानाच तिची आई वारली. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि ते कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफर्ड या गावी राहावयास आले. वडील मोठे विद्वान नव्हते, परंतु नेटी व तिची बहीण एमा या दोघींना त्यांनी गावच्या चांगल्या शाळेत घातले. १८७२ ते १८८३ या अकरा वर्षांत त्या शाळेतून केवळ तीन मुली शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि त्यांपैकी दोन या स्टीव्हन्स भगिनी होत्या. एवढ्यावरून त्या काळी मुलींचे शिक्षण कोणत्या स्थितीत होते, याची कल्पना यावी.

शिकलेल्या मुलीस त्या वेळी अर्थार्जनाचे मार्ग थोडेच मोकळे होते. नेटीने शिक्षिकेचा पेशा पत्करला. लेबनन या गावच्या शाळेत ती प्राणिशास्त्र, शरीरशास्त्र, गणित, इंग्रजी आणि लॅटिन असे नाना विषय शिकवीत असे. तेथे तीन सत्रे काम केल्यावर ती वेस्टफील्ड येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाली आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने दोन वर्षांतच पुरा केला. त्यानंतर पुन्हा शाळेतील नोकरी, मध्यंतरी ग्रंथपालाचे काम, अशी कितीतरी वर्षे गेली. विज्ञानाचा सखोल अभ्यास करावा, ही तिची इच्छा होती. त्यासाठी पैसा हवा होता आणि तो तिला स्वतःच साठवावयाचा होता. शिक्षकाच्या वेतनातून शिल्लक टाकणे किती कठीण असते, हे ज्यांनी ते करून पाहिले आहे त्यांना सांगावयास नको.

अखेर १८९६ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्टीव्हन्सबाईंनी नोकरी सोडली आणि सारा अमेरिका खंड ओलांडून त्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात गेल्या. तेथील स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू होऊन अवघी पाच वर्षे झाली होती, आणि तेथे पहिल्यापासूनच स्त्रियांना प्रवेश होता. या वयात बहुतेक माणसे शिक्षण संपवून संसारात स्थिरावलेली असतात. बाई मात्र आपल्याहून पंधरा-सतरा वर्षांनी लहान अशा मुलामुलींच्या बाकावर जाऊन बसल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक जीवजंतू पाहण्यात दिवस घालवीत. १८९९ साली त्यांना पदवी मिळाली, १९०० साली एम. ए. ची पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी त्या पुन्हा पूर्वेकडे येऊन फिलाडेल्फिया शहराजवळील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात संशोधनासाठी दाखल झाल्या. तेथे थॉमस हंट मॉर्गन हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नर किंवा मादी कशामुळे होते, याविषयी पूर्वीच्या लोकांनी अनेक तर्क बांधले होते. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने याचे कारण उष्णतेत शोधले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक शास्त्रज्ञांचा कल अन्न, हवामान अशा बाह्य कारणांकडे होता. पॅट्रिक गेडीस व आर्थर थॉमसन या दोघांनी १८८९ साली एक ग्रंथ लिहून असे मांडले, की पोषण विपुल असेल तर मादी व तोकडे असेल तर नर होण्याकडे कल असतो. हेच गेडीस पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि नगररचनेतील कामामुळे आपल्या देशात त्यांचे नाव झाले. मोठ्या माणसांचेही तर्क चुकू शकतात. उत्तर अन्नात नव्हते. ते बीजातच होते.

प्रत्येक प्राण्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशीच्या मध्यभागी एक केंद्रक असते. पेशीचे विभाजन होऊन एकीच्या दोन पेशी होण्याची वेळ आली, म्हणजे त्या केंद्रकात दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या आखूड काड्या दिसू लागतात. विशिष्ट रंग घातला असता या काड्या तो चटकन शोषून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गडद उठून दिसतात. यांनाच आपण गुणसूत्रे म्हणतो. प्रत्येक जातीच्या प्राण्यात त्यांची संख्या ठरलेली असते आणि ती जोडीजोडीने असतात. मातेचे स्त्रीबीज व पित्याचे पुंबीज तयार होताना प्रत्येक जोडीतील एकेकच सूत्र त्यात जाते, म्हणून बीजात ही संख्या निम्मी होते. दोन्ही बीजे एकत्र आली, की संख्या पुन्हा पूर्ववत भरते आणि नव्या जीवास सुरुवात होते.

ही सूत्रे नेमके काय कार्य करतात, याबद्दल १९०० च्या सुमारास फार मतभेद होते. हेर्मान हेंकिंग या जर्मन संशोधकास १८९१ साली एका किड्याच्या काही पुंबीजांत एक जादा पदार्थ आढळला होता, परंतु तो गुणसूत्र आहे की नाही, याची त्यालाच शंका होती. पुढे क्लॅरन्स मॅकलंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने टोळांवर काम करून असा तर्क केला, की या जादा सूत्राचा संबंध लिंगनिश्चितीशी असावा. दिशा बरोबर होती, मात्र मॅकलंग यांचा हिशेब उलटा झाला. ते सूत्र ज्याला मिळते तो जीव नर होतो, असे त्यांनी मानले. त्यांची चूक कशी झाली, हे समजणे अवघड नाही. नराची सूत्रे व मादीची सूत्रे दोन्ही काळजीपूर्वक मोजून शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज या प्रश्नाचा निकाल लागणे शक्य नव्हते. आणि मोजणे हेच तर सर्वांत कठीण होते.

स्टीव्हन्सबाई या कामास लागण्यापूर्वी त्यांना एक उत्तम गुरू लाभला. ब्रिन मॉर महाविद्यालयाने शिष्यवृत्ती देऊन त्यांना युरोपात पाठविले. इटलीत नेपल्स येथील समुद्रजीवांच्या प्रसिद्ध संशोधनकेंद्रात त्यांनी काम केले आणि नंतर जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे थेओडोर बोव्हेरी यांच्या प्रयोगशाळेत त्या राहिल्या. आनुवंशिकतेत गुणसूत्रांचे महत्त्व किती मोठे आहे, हे त्या काळी ज्या थोड्या शास्त्रज्ञांना पटले होते, त्यांत बोव्हेरी हे अग्रणी होते. तेथून परत आल्यावर १९०३ साली बाईंना डॉक्टरेट मिळाली. वय बेचाळीस वर्षांचे, पदवी सर्वोच्च, आणि उपजीविकेची मात्र निश्चिती नाही, अशी त्यांची स्थिती होती. त्यांनी वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेकडे साहाय्यासाठी अर्ज केला. मॉर्गन यांनी शिफारस करताना कळविले, की गेल्या बारा वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांमध्ये इतक्या योग्यतेचे व स्वतंत्र वृत्तीचे दुसरे कोणी नव्हते. अर्ज मान्य झाला आणि एक वर्षापुरती का होईना, द्रव्याची चिंता मिटली.

त्या वर्षात बाईंनी पाच कीटक अभ्यासासाठी निवडले : वाळवी, वाळूतील रातकिडा, झुरळ, मावा आणि पिठातील भुंगेरा. काम मोठ्या चिकाटीचे होते. किड्याच्या शरीरातील बीज तयार करणारे अवयव सुईच्या टोकाने अलगद सोडवून काढावयाचे, ते औषधी द्रावणात ठेवून टिकवावयाचे, मेणात बसवून त्यांचे अतिशय पातळ काप घ्यावयाचे, ते काप काचपट्टीवर चिकटवून रंगवावयाचे आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रत्येक पेशीतील सूत्रे मोजावयाची. सूत्रे एकमेकांवर पडलेली असतात. एखादे कापात तुटते, एखादे दुसऱ्याच्या आड लपते. एका पेशीत मोजलेली संख्या दुसरीत जुळली नाही, तर चूक डोळ्याची की कापाची, हे ठरविण्यासाठी पुन्हा नव्या कापांपासून आरंभ करावा लागे. दिसेल तेवढेच कागदावर काढावयाचे, मनातले त्यात मिसळावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यांच्या आकृत्या आजही स्वच्छ व नेटक्या वाटतात.

वाळवी, रातकिडा, झुरळ आणि मावा यांनी प्रश्नाचा उलगडा केला नाही. पिठातील भुंगेऱ्याने मात्र केला.

या भुंगेऱ्याच्या मादीच्या पेशीत बाईंनी सूत्रे मोजली, ती वीस भरली. वीसही मोठी होती. नराच्या पेशीत मोजली, तीही वीसच भरली. परंतु त्यांतील एकोणीस मोठी होती आणि विसावे अगदी लहान, एखाद्या ठिपक्याएवढे होते. मग त्यांनी नराच्या शरीरातील पुंबीजे तपासली. ती दोन प्रकारची निघाली. निम्म्यांत दहा मोठी सूत्रे होती आणि निम्म्यांत नऊ मोठी व एक ते लहान सूत्र होते. मादीचे स्त्रीबीज मात्र एकाच प्रकारचे असणार, कारण तिच्याजवळ लहान सूत्र मुळी नाहीच. प्रत्येक स्त्रीबीजात दहा मोठी सूत्रे जावयाची.

पुढील गणित तुम्हीही करू शकाल. दहा मोठ्यांत दहा मोठी मिळविली, तर वीस मोठी होतात, ती मादी. दहा मोठ्यांत नऊ मोठी व एक लहान मिळविले, तर एकोणीस मोठी व एक लहान होते, तो नर. म्हणजे जीव नर होणार की मादी, हे अन्नावर, उन्हावर वा थंडीवर अवलंबून नसून, दोन प्रकारांपैकी कोणते पुंबीज स्त्रीबीजाशी मिळाले यावर अवलंबून असते. दोन्ही प्रकारची पुंबीजे सारख्याच संख्येने तयार होतात, म्हणून नर व मादी साधारण सारख्या संख्येने जन्मास येतात, हेही कोडे त्याबरोबर सुटले.

हा निष्कर्ष बाईंनी १९०५ साली कार्नेगी संस्थेने छापलेल्या आपल्या प्रबंधात मांडला. जेथे पुरावा होता तेथे त्यांनी ठामपणे लिहिले आणि जेथे तो नव्हता तेथे तसे कबूल केले. ते लहान सूत्र नेमके कोणत्या रीतीने आपले कार्य करते, हे अधिक शोधाअंती ठरेल, असे त्यांनी नमूद केले. मला त्यांच्या या संयमाचे त्या शोधाइतकेच कौतुक वाटते.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात एडमंड विल्सन हे थोर शास्त्रज्ञ दुसऱ्या वर्गातील कीटकांवर काम करीत होते. तेही स्वतंत्रपणे याच शोधापर्यंत आले. दोघांचे लेख १९०५ च्या उत्तरार्धात थोड्या थोड्या अंतराने प्रसिद्ध झाले. विल्सन यांनी स्टीव्हन्सबाईंच्या कामाचा आपल्या लेखात उल्लेख केला, हे त्यांच्या सचोटीस शोभण्यासारखेच होते. तथापि त्या वेळी विल्सन यांचे मन काहीसे द्विधा होते. बाह्य परिस्थितीचाही यात भाग असावा, असे त्यांना वाटे. बाईंनी मात्र आपल्या भुंगेऱ्यापुरता निर्णय सरळ दिला होता. पुढे मोठ्या सूत्रास एक्स व लहान सूत्रास वाय अशी अक्षरनामे रूढ झाली, आणि आज जगातील सर्व भाषांतील पुस्तकांत तीच वापरली जातात.

एका किड्यावरून सर्व सृष्टीचा नियम सांगता येत नाही, हे बाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी एकामागून एक नवे कीटक तपासावयास घेतले. सुमारे ५० जातींचे भुंगेरे आणि ९ जातींच्या माश्या त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालून गेल्या. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ती बारीक फळमाशीही त्यांत होती. काही कीटकांत नराजवळ लहान सूत्रही नसे, एक सूत्र कमीच असे. बहुतेकांत मात्र तीच विषम जोडी पुन्हा पुन्हा दिसली. सृष्टी इतकी एकसुरी नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले. पक्षी व फुलपाखरे यांच्यात विषम जोडी मादीजवळ असते. फळमाशीत लहान सूत्रापेक्षा मोठ्या सूत्रांची संख्या महत्त्वाची ठरते. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे तर १९५६ साली निश्चित झाले. त्यांतील एक जोडी स्त्रीमध्ये दोन एक्सची व पुरुषामध्ये एक एक्स व एक वाय अशी असते. वाय सूत्राच्या कोणत्या भागामुळे मुलगा घडू लागतो, तो भाग १९९० साली सापडला.

या शोधाचा एक अर्थ प्रयोगशाळेच्या बाहेरचाही आहे. अनेक देशांत, आणि आपल्याकडेही, मुलगी झाली की मातेला दूषण देण्याची रीत होती. ती अजून पुरती गेलेली नाही. कितीतरी सुनांनी या एका कारणासाठी घरात बोलणी खाल्ली, काहींना सवतही सोसावी लागली. वास्तविक मातेच्या स्त्रीबीजात नेहमी एक्स सूत्रच असते. मुलगा की मुलगी, हा भेद पित्याकडून आलेल्या बीजामुळे पडतो, आणि कोणते बीज पुढे जाईल हे पित्याच्याही हाती नसते. ज्या अपराधासाठी मातेस शिक्षा होत आली, तो तिचा तर नव्हताच, पण अपराधही नव्हता.

१९०५ साली स्टीव्हन्सबाईंना मावा या कीटकावरील निबंधासाठी एलन रिचर्ड्स पारितोषिक मिळाले. एखाद्या स्त्रीने लिहिलेल्या उत्तम शास्त्रीय निबंधास दिले जाणारे हे पारितोषिक एक हजार डॉलरांचे होते. १९०८-०९ साली त्या पुन्हा युरोपात जाऊन बोव्हेरी यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. ब्रिन मॉर येथे त्या शिकवीतही असत. परंतु अध्यापनाचा भार नसलेले, केवळ संशोधनासाठी असलेले पद त्यांना हवे होते आणि ते काही मिळत नव्हते. शेवटी महाविद्यालयाने त्यांच्यासाठी संशोधन-प्राध्यापकाचे एक पद मुद्दाम निर्माण केले. ज्या गोष्टीची त्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली ती हाताशी आली होती. पण तोवर त्यांना कर्करोगाने गाठले होते. ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, वयाच्या एकावन्नाव्या वर्षात, त्यांचा अंत झाला. त्या पदावर त्या एक दिवसही बसल्या नाहीत. संशोधनासाठी त्यांना उणीपुरी बारा वर्षे मिळाली आणि तेवढ्यात त्यांनी सुमारे ४० निबंध प्रसिद्ध केले. वेस्टफर्ड येथे त्यांना पुरण्यात आले.

त्यांचे गुरू मॉर्गन हे आरंभी गुणसूत्रांच्या सिद्धान्ताविषयी साशंक होते. १९१० साली त्यांच्या प्रयोगशाळेत तांबड्या डोळ्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. त्याच्या वंशजांचा अभ्यास करताना डोळ्यांच्या रंगाचा गुण एक्स सूत्राबरोबर जातो असे दिसून आले, आणि त्यांचे मत पालटले. १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या अनेक पुस्तकांत लिंगनिश्चितीच्या शोधाचे श्रेय विल्सन यांना, तर कधी चुकून मॉर्गन यांनाही दिले गेले. स्टीव्हन्सबाईंचे नाव तळटिपेत आले, किंवा आलेच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानाच्या इतिहासकारांनी जुने निबंध पुन्हा वाचले, तारखा ताडून पाहिल्या, आणि तेव्हा त्यांचा वाटा पुन्हा उजेडात आला. १९९४ साली अमेरिकेतील कर्तबगार स्त्रियांच्या राष्ट्रीय स्मृतिदालनात त्यांचे नाव घालण्यात आले. ज्या वेस्टफील्ड येथे चार वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत संपविला होता, तेथील विद्यापीठाने २०१७ साली आपल्या नव्या विज्ञानभवनास त्यांचे नाव दिले. त्यांचा सूक्ष्मदर्शक ब्रिन मॉर महाविद्यालयाने जपून ठेवला आहे.